शोधणाऱ्याच्या हाताला आधी काय लागतं?

इंग्लंडमधलं ब्रिस्टल विद्यापीठ १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या हजारो मुलांचा त्यांच्या जन्माआधीपासून मागोवा घेत आलं आहे. ही मुलं २१ वर्षांची झाली तेव्हा त्यांना विचारलं गेलं, की आत्महत्या किंवा स्वतःला इजा करणं या विषयाशी इंटरनेटवर तुमचा कधी संबंध आला का. ३,९४६ जणांच्या उत्तरांचा हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. २२.५ टक्के जणांनी असा मजकूर पाहिला होता, शोधला होता किंवा त्याबद्दल कुणाशी तरी ऑनलाइन बोलणं केलं होतं. ७.५ टक्के जणांनी आत्महत्येविषयीची माहिती मुद्दाम शोधली होती. ३.१ टक्के जण थेट पद्धती सांगणाऱ्या पानांपर्यंत पोचले होते. आणि या घातक पानांवर जाऊन आलेल्यांपैकी ८१ टक्के जण मदत देऊ करणाऱ्या पानांवरही गेले होते.

या विषयावर मी जे काही वाचलं, त्यात हा शेवटचा आकडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. मरणाची माहिती शोधणारे वेगळे आणि मदत शोधणारे वेगळे, अशी विभागणी मुळात नाहीच. तोच माणूस, त्याच फोनवर, कधी एकाच रात्रीत दोन्हीकडे जातो. त्याचं मन अजून ठरलेलं नसतं. अशा वेळी त्याच्या हाताला आधी काय लागतं, यावर फार काही अवलंबून असतं. गेल्या वीस वर्षांत या प्रश्नावर जगात झालेलं संशोधन, कायदे, खटले आणि प्रयोग याच एका कसोटीवर तपासून पाहावेत, यासाठी हा लेख आहे. त्यात कोणत्याही पद्धतीचा तपशील नाही आणि अशा घटनांमुळे ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणांची नावंही मुद्दाम टाळली आहेत. वाचणारं कुणी आज स्वतःच त्या अवस्थेत असेल, तर लेख बाजूला ठेवून १४४१६ हा क्रमांक लावावा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे. ती चोवीस तास चालते, मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं.

‘ज्याला जायचंच होतं, त्याला कोण अडवणार?’ हे वाक्य आपण स्मशानातून परतताना हमखास ऐकतो. बोलणाऱ्याचा हेतू घरच्यांना धीर देण्याचाच असतो, पण ते खरं नाही. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक इथे प्रयत्नातून वाचलेल्या ८२ रुग्णांना विचारण्यात आलं, की त्या वेळचा विचार मनात आल्यापासून प्रत्यक्ष कृतीपर्यंत किती वेळ गेला. जवळपास निम्म्यांनी १० मिनिटं किंवा त्याहून कमी असं सांगितलं. हा अभ्यास २००९चा. त्याच्या कितीतरी आधी, १९७८ साली, कॅलिफोर्नियातले संशोधक रिचर्ड सायडन यांनी एका ठिकाणी अखेरच्या क्षणी अडवल्या गेलेल्या ५१५ जणांचं पुढे काय झालं याचा शोध घेतला होता. त्यांतले सुमारे ९४ टक्के लोक एकतर हयात होते किंवा नैसर्गिक कारणांनी वारले होते. अडवलं म्हणून ते दुसरीकडे जाऊन मेले नाहीत. प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी दहातले नऊ जण पुढे कधीही आत्महत्येने मरत नाहीत, हे नंतरच्या अनेक अभ्यासांतूनही दिसत आलं आहे. दुःख वर्षानुवर्षांचं असू शकतं, पण जीव जाण्याइतकी टोकाची घडी बहुधा थोड्या वेळाची असते. ती टळली की माणूस राहतो.

म्हणूनच ती घडी टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे साधन दूर ठेवणं. श्रीलंकेचं उदाहरण जगभर दिलं जातं, आणि ते आपल्या फार जवळचं आहे. १९९५ साली त्या देशात दर लाख लोकसंख्येमागे ४७ आत्महत्या होत होत्या आणि त्यांत शेतीच्या विषारी औषधांचा वाटा मोठा होता. सरकारने सर्वांत घातक कीटकनाशकांवर एकामागोमाग एक बंदी घातली. २०१५पर्यंत हे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. त्या वीस वर्षांत अंदाजे ९३,००० जीव वाचल्याचं संशोधकांनी मांडलं. लोकांची दुःखं त्या काळात संपली नव्हती, त्यातली बरीच वर्षं देशात यादवी युद्ध चालू होतं. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्यांबद्दल कर्ज, हमीभाव आणि पाऊस यांवर भरपूर लिहिलं गेलं आणि ते लिहायलाच हवं होतं. पण घरात खाटेखाली पडून असलेल्या फवारणीच्या औषधाच्या डब्याबद्दल आपण फार कमी बोललो.

माहितीकडेही असंच पाहायला हवं. साधन हाताशी असणं जितकं घातक, तितकंच ते कसं वापरायचं हे सांगणारं कुणी हाताशी असणंही घातक. पूर्वी ही माहिती मिळवायला कष्ट होते, आणि त्या कष्टांत वेळ जायचा. वेळ गेला की मन पालटण्याची शक्यता वाढते. इंटरनेटने तो वेळच खाऊन टाकला.

ब्रिस्टलच्याच लुसी बिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये याचा पहिला ठोस पुरावा मांडला. खचलेला माणूस काय टाइप करील याचा विचार करून त्यांनी १२ शब्दप्रयोग निवडले, चार शोधयंत्रांत टाकले आणि प्रत्येक वेळी वर आलेले पहिले दहा दुवे तपासले. एकूण ४८० दुव्यांपैकी ९० दुवे खास आत्महत्येलाच वाहिलेल्या पानांचे होते आणि त्यांतले निम्मे तिला उत्तेजन देणारे किंवा सोय करून देणारे निघाले. प्रतिबंध किंवा आधार यांवर भर देणारे दुवे होते ६२, म्हणजे १३ टक्के. शोधयंत्राचा यात वाईट हेतू नव्हता. लोक जिथे जास्त जातात ते वर ठेवायचं, एवढंच त्याला शिकवलेलं होतं.

याच गटाने दहा वर्षांनी प्रत्यक्ष मुलाखतींवर आधारलेलं काम प्रसिद्ध केलं. सर्वसाधारण तरुणांचा शोध बहुतेक वेळा भरकटणारा असतो. मन उदास आहे, रात्र सरत नाही, म्हणून या पानावरून त्या पानावर. स्वतःला इजा करून रुग्णालयात दाखल झालेल्यांचा शोध मात्र नेमका होता. ठरवून, तुलना करून, पडताळून केलेला. मदतीच्या पानांबद्दल त्यांची तक्रार ऐकण्यासारखी आहे. तिथे गेल्यावर एक फोन नंबर आणि चार गुळगुळीत वाक्यं मिळतात, बोलायला त्या क्षणी कुणी मिळत नाही. घातक पानांवर मात्र माणसं असतात, जागी असतात आणि लगेच उत्तर देतात. या ओढीचं मर्म इथे आहे. तिथे जाणारा पुष्कळदा माहितीच्या निमित्ताने सोबतच शोधत असतो.

सावधगिरीचा एक मुद्दा इथे नोंदवायला हवा. शोध घेतल्यामुळे विचार येतो की विचार आल्यामुळे शोध घेतला जातो, हे या अभ्यासांतून सुटं करता येत नाही. गूगलवरच्या शोधांच्या संख्येवरून आत्महत्यांचा अंदाज बांधण्याचे प्रयत्नही बरेच झाले, त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे ‘मुलाने असं काही शोधलं, म्हणजे तो जाणारच’ असा अर्थ कुणी काढू नये. शोध ही धोक्याची खूण आहे, भाकीत नाही.

पुढे चित्र आणखी बदललं. माणसाने शोधण्याचीही गरज उरली नाही, मजकूरच त्याला शोधत येऊ लागला. लंडनच्या मॉली रसेलची गोष्ट म्हणूनच सविस्तर सांगावी लागते. नोव्हेंबर २०१७मध्ये ती गेली तेव्हा १४ वर्षांची होती. घरच्यांना ती नेहमीसारखीच वाटत होती. तिचे वडील इयन रसेल यांनी नंतर तिची खाती उघडून पाहिली आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. २०२२च्या सप्टेंबरमध्ये झालेल्या मृत्यू-चौकशीत पुढे आलं, की शेवटच्या सहा महिन्यांत तिने इन्स्टाग्रामवर जतन केलेल्या, पसंत केलेल्या किंवा पुढे पाठवलेल्या सुमारे १६,३०० पोस्टपैकी २,१०० पोस्ट आत्महत्या, स्वतःला इजा किंवा नैराश्य यांच्याशी निगडित होत्या. चौकशीत साक्ष देणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाने ती सामग्री पाहिल्यावर आपल्यालाच अनेक रात्री नीट झोप लागली नाही, असं सांगितलं. कॉरोनर अँड्र्यू वॉकर यांनी नेहमीचा ‘आत्महत्या’ हा निष्कर्ष नोंदवला नाही. नैराश्य आणि ऑनलाइन मजकुराचे दुष्परिणाम भोगत असताना स्वतःला केलेल्या इजेतून तिचा मृत्यू झाला, असं त्यांनी लिहिलं. एखाद्या मृत्यूच्या अधिकृत कारणांत समाजमाध्यमांवरच्या मजकुराला असं स्थान मिळणं ही मोठी गोष्ट होती. एका मुलीने काही शोधलं असेल, पण २,१०० वेळा तिने ते एकटीने शोधलेलं नव्हतं. ज्या यंत्रणेने ते तिच्यापुढे रोज आणून मांडलं, तिची जबाबदारी पहिल्यांदा कागदावर आली.

आता चॅटबॉट आले आहेत, आणि या प्रश्नाला तिसरं तोंड फुटलं आहे. शोधयंत्र दुवे देतं, समाजमाध्यम चित्रं दाखवतं, चॅटबॉट बोलतो. रात्री दोन वाजता न कंटाळता, न रागावता, समोरच्याच्या भाषेत बोलतो. ‘ओपनएआय’ कंपनीने ऑक्टोबर २०२५मध्ये स्वतःच जाहीर केलं, की आठवडाभरात चॅटजीपीटी वापरणाऱ्यांपैकी सुमारे ०.१५ टक्के लोकांच्या संभाषणात आत्महत्येचं नियोजन किंवा हेतू सुचवणाऱ्या स्पष्ट खुणा असतात. टक्का लहान दिसतो, पण वापरकर्ते आठवड्याला ८० कोटींच्या वर असल्यामुळे माणसं दहा लाखांहून अधिक होतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या एका १६ वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांनी या कंपनीवर दावा दाखल केला. चॅटबॉटने मुलाला घरच्यांपासून दूर नेलं आणि पद्धतीबाबतही मदत केली, असा त्यांचा आरोप आहे. संभाषण लांबत गेलं की सुरक्षिततेचे अडसर ढिले पडू शकतात, हे कंपनीनेही त्या सुमारास मान्य केलं. ही कबुली गंभीर आहे, कारण खचलेला माणूस दोन वाक्यं बोलून थांबत नाही. तो रात्रभर बोलतो.

कायद्यांकडे वळू. ऑस्ट्रेलियाने सर्वांत आधी पाऊल उचललं. इंटरनेट किंवा दूरसंचारावरून आत्महत्येला उत्तेजन देणं, पद्धतीचा प्रचार करणं आणि त्यासाठी असा मजकूर बाळगणं हा तिथे जानेवारी २००६पासून गुन्हा आहे. दक्षिण कोरियाने २०१९मध्ये आत्महत्येस प्रवृत्त करणारी माहिती पसरवण्यावर बंदी आणली. ब्रिटनमध्ये मदत किंवा उत्तेजन देणं १९६१पासून गुन्हा होताच, पण २०२३च्या ऑनलाइन सेफ्टी कायद्याने भार व्यक्तीवरून कंपन्यांवर नेला. बेकायदा मजकूर आपल्या मंचावर राहू नये याची जबाबदारी आता मंचाची आहे, मुलांपर्यंत असा मजकूर पोचू न देण्याची तर विशेषच, आणि ‘ऑफकॉम’ ही नियामक संस्था जबर दंड करू शकते. मॉलीच्या वडिलांनी यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला.

बंदीने सगळं थांबतं का? नाही. मजकूर एका देशात बंद झाला की दुसऱ्या देशातून चालू होतो. तरी मी बंदीच्या बाजूने आहे. पद्धतीची तयार माहिती पुरवणं हे विचारस्वातंत्र्याचं काम आहे असं मला वाटत नाही. अडथळा अभेद्य नसला तरी चालतो, त्याने थोडा वेळ मिळवून दिला तरी पुरे. मात्र इथे एक रेघ स्पष्ट आखली पाहिजे. पुरवणारा वेगळा आणि शोधणारा वेगळा. शोधणाऱ्यावर पोलिसी नजर ठेवली, त्याचं खातं बंद केलं, त्याला गुन्हेगारासारखं वागवलं, तर तो बोलायचाच थांबेल. ‘मला जगावंसं वाटत नाही’ असं लिहिणाऱ्याची पोस्ट काढून टाकल्याने ते वाटणं जात नाही. ऑस्ट्रेलियातल्या ‘ओरिजेन’ संस्थेने तरुणांनाच बरोबर घेऊन २०१८मध्ये ‘चॅटसेफ’ ही मार्गदर्शक तत्त्वं तयार केली. या विषयावर ऑनलाइन बोलायचं तर कसं बोलायचं, हे त्यांत शिकवलं आहे. तोंड दाबण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

भारताने या बाबतीत एक चांगली गोष्ट केली आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं, तिच्यावर खटला चालवता येत नाही आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेचं, प्रयत्नालाच गुन्हा ठरवणारं कलम ३०९ उरलेलं नाही. सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६खाली गुन्हा आहे. चिथावणी देणं अर्थातच गुन्हा राहिलं. पण केवळ पद्धतींचा ऑनलाइन प्रचार रोखण्यासाठी ऑस्ट्रेलियासारखा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या सर्वसाधारण तरतुदींवर काम भागवलं जातं.

आपण घाबरतो मात्र फार लवकर. २०१७च्या पावसाळ्यात ‘ब्लू व्हेल’ नावाच्या खेळाने मुंबईपासून गावोगावच्या शाळांपर्यंत सगळ्यांची झोप उडवली. सरकारने कंपन्यांना दुवे काढायला सांगितलं, शाळांनी पालकांना पत्रं पाठवली, वाहिन्यांनी रोज नवा ‘बळी’ दाखवला. जानेवारी २०१८मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितलं, की तपासलेल्या कोणत्याही घटनेत त्या खेळाचा हात सिद्ध झालेला नाही. त्या मुलांची दुःखं काय होती, हे विचारायची वेळ तोवर निघून गेली होती. एक अदृश्य राक्षस मिळाला की घरातला अबोला, परीक्षेची भीती, आजार यांकडे बघायची गरज उरत नाही.

वर्तमानपत्रं आणि वाहिन्या यांची जबाबदारी याहून जुनी आहे. डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४मध्ये दाखवून दिलं, की आत्महत्येची बातमी ठळक छापली की पाठोपाठ आत्महत्या वाढतात. व्हिएन्नात १९८७मध्ये वृत्तपत्रांनी बातमीदारीचे नियम स्वीकारले आणि तिथल्या भुयारी रेल्वेतल्या अशा घटना झपाट्याने घटल्या. त्याच शहरातले थॉमस नीडरक्रोटेनथालर यांनी २०१०मध्ये उलटी बाजूही पुढे आणली. संकटात सापडून त्यातून सावरलेल्या माणसाची गोष्ट छापली, तर आत्महत्या कमी होताना दिसतात. आपल्या प्रेस कौन्सिलने जागतिक आरोग्य संघटनेच्या धर्तीवर २०१९मध्ये नियम घालून दिले: पद्धत सांगू नका, जागा सांगू नका, मथळ्यात सनसनाटी नको. पुढच्याच वर्षी, १४ जून २०२०ला, मुंबईत सुशांतसिंह राजपूत यांचा मृत्यू झाला. तेव्हा काय छापलं आणि दाखवलं गेलं, ते अजून कुणी विसरलेलं नाही. त्या काळातल्या ऑनलाइन बातम्या तपासणाऱ्या भारतीय संशोधकांना आढळलं, की ८५ टक्क्यांहून अधिक बातम्यांनी जागतिक आरोग्य संघटनेची किमान एक सूचना मोडली होती, आणि मदत कुठे मिळेल हे सांगणाऱ्या बातम्या सुमारे १३ टक्केच होत्या. त्या दिवसांत आत्महत्येसंबंधीचे शोध वाढले आणि त्याच वेळी मदतीचे शोधही वाढले. ब्रिस्टलच्या तरुणांमध्ये दिसलेलं तेच दुहेरी मन इथेही होतं. लोक मदत शोधत होते आणि शंभरातल्या ८७ बातम्यांत त्यांच्यासाठी एक पत्ताही नव्हता.

मदतच शोधणाऱ्याच्या वाटेत ठेवता येईल का? गूगलने २०१०मध्ये अमेरिकेत आत्महत्येविषयीच्या शोधांवर सर्वांत वर हेल्पलाइनची चौकट दाखवायला सुरुवात केली. पुढे ती इतर देशांत गेली. ही चौकट किती वेळा आणि कुणाला दिसते, हे सेबास्टियन शेर, मारिओ हाइम आणि फ्लोरियन आरेंट यांनी ११ देशांत संगणकीय ‘वापरकर्ते’ सोडून तपासलं. २०१९च्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा, की ती सगळ्यांना सारखी दिसत नाही आणि या फरकामागे भाषा हे मोठं कारण आहे. मराठी वाचकाने या वाक्यापाशी थांबायला हवं. इंग्रजीत शोधणाऱ्या माणसासाठी जी दारं उघडतात, ती आपल्या भाषेत शोधणाऱ्यासाठी तितक्या सहज उघडतीलच असं नाही.

हे काम नीट केलं तर काय होतं, ते जपानमध्ये पाहायला मिळतं. टोकिओतल्या इतो जिरो यांनी २०१३मध्ये एक साधी गोष्ट केली. दुकानदार ज्या जाहिराती विकत घेतात, त्याच त्यांनी आत्महत्येसंबंधीच्या शोधशब्दांवर विकत घेतल्या. कुणी तसं काही टाइप केलं, की निकालांच्या डोक्यावर ‘आमच्याशी बोलाल का?’ अशा अर्थाची ओळ येई. तिच्यावर बोट ठेवलं की एक पान उघडे आणि तिथून थेट ईमेल करता येई. पलीकडे यंत्र नसे, प्रशिक्षित समुपदेशक असे. तो आधी ऐकून घेई, धोका किती आहे याचा अंदाज घेई, मग पुढची पत्रं लिहीत लिहीत त्या माणसाला त्याच्या भागातल्या दवाखान्याशी, समाजकार्यकर्त्याशी किंवा घरातल्या एखाद्या विश्वासाच्या माणसाशी जोडून देई. सुएकी हाजिमे या संशोधकाबरोबर त्यांनी २०१५मध्ये या प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. यातलं मला सर्वांत भावतं ते हे, की इथे शोधणाऱ्याला ‘हे शोधू नकोस’ असं कुणी म्हणत नाही. जिथे तो आहे, तिथेच त्याला माणूस भेटतो.

जपाननेच याची काळी बाजूही पाहिली. २०१७मध्ये झामा शहरातल्या एका तरुणाने ट्विटरवर मरणाची इच्छा व्यक्त करणाऱ्यांना सोबतीचं आमिष दाखवून गाठलं आणि नऊ जणांची हत्या केली. त्याला जून २०२५मध्ये फाशी झाली. या प्रकरणानंतर सरकारने मदतसेवा तरुण जिथे बोलतात त्या माध्यमांवर आणल्या. त्या आधी काही आठवडे नागानो प्रांताने ‘लाइन’ या अॅपवर दोन आठवडे समुपदेशनाचा प्रयोग केला होता, तेव्हा आदल्या संपूर्ण वर्षात मुलांच्या फोनसेवेवर झालेल्या संभाषणांपेक्षा अधिक संभाषणं त्या पंधरवड्यात झाली. आजचं पोर फोन करत नाही, टाइप करतं.

आता आपल्याकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांतले २२,७४६ महाराष्ट्रातले होते, सर्व राज्यांत सर्वाधिक. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने पहिलं राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण जाहीर केलं. २०३०पर्यंत मृत्यू १० टक्क्यांनी घटवायचं उद्दिष्ट त्यात आहे. टेलि-मानस ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली होतीच. स्वयंसेवी काम तर त्याच्या पुष्कळ आधीचं आहे. चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी ‘स्नेहा’ १९८६मध्ये उभी केली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’, पुण्यात ‘कनेक्टिंग’ अशी माणसं आणि संस्था वर्षानुवर्षं ऐकून घेण्याचं काम करत आहेत.

उणीव आहे ती शोधणाऱ्याला त्यांच्यापर्यंत पोचवणाऱ्या दुव्याची. खचलेला मराठी माणूस फोनवर काय लिहितो? ‘जगायचा कंटाळा आला’, ‘सगळं संपवून टाकावंसं वाटतं’, ‘जीव नकोसा झालाय’. कधी देवनागरीत, बहुतेकदा रोमन अक्षरांत, अर्धं इंग्रजी मिसळून, शुद्धलेखन कसंही. टाइप करता येत नसेल तर बोलून शोधतो, आणि ते बोलणं वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी असू शकतं. ही सगळी रूपं यंत्राला ओळखता आली पाहिजेत आणि उत्तरात मराठी बोलणारा माणूस मिळाला पाहिजे. यासाठी मोठा शोध लावायचा नाही. राज्याच्या आरोग्य खात्याने टेलि-मानसमधल्या समुपदेशकांना आणि या संस्थांना बरोबर घेऊन अशा वाक्प्रयोगांचा संग्रह करावा आणि कंपन्यांना द्यावा. कंपन्यांनी मराठी शोधांवर मदतीची चौकट किती वेळा दिसते, ते दर वर्षी जाहीर करावं. इतो जिरो यांनी घेतल्या तशा जाहिराती सरकारने मराठीत घ्याव्यात. सरकारच्या इतर जाहिरातींच्या मानाने हा खर्च मामुली आहे.

उरतो तो घरातला प्रश्न. मुलीच्या, नवऱ्याच्या किंवा भावाच्या फोनमध्ये असा शोध दिसला तर काय करायचं? फोन काढून घेणं, आरडाओरडा, ‘आम्ही तुला काय कमी केलं?’ हे सगळं टाळावं. शेजारी बसून सरळ विचारावं, ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का गं?’ असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात घुसतो, ही समजूत चुकीची आहे. यावर झालेल्या अभ्यासांचा २०१४मधला आढावा तिला आधार देत नाही, उलट विचारल्याने मनावरचा ताण हलका होऊ शकतो. उत्तर ‘हो’ आलं तर उपदेश न करता ऐकावं. त्या दिवशी आणि त्या रात्री एकटं सोडू नये. घरातली फवारणीची औषधं आणि गोळ्यांचा साठा त्याच दिवशी कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी जावा. दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात ही सोय असते आणि खासगी डॉक्टर परवडत नसेल तर तिथेच जावं. जीव या क्षणी धोक्यात आहे असं वाटलं तर थेट ११२ लावावा. आणि बरं वाटू लागल्यावरही काही आठवडे विचारत राहावं, कारण हे विचार एका संभाषणाने जात नाहीत, आणि घरचं कुणी तरी विचारील याची खात्री असली की माणूस ते फोनऐवजी घरात सांगतो.